दाट पाणी

"ताई, कारणं नकोत. करायचं काय, तेवढं सांग."

एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात चहाचा कप सांभाळत साहेब स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून हे बोलला, आणि ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण बस चुकली असती, आणि आजारी माणसाच्या घरात सकाळी सकाळी आवाज चढवू नये एवढं भान तिला होतं. ती ओट्याकडे वळली आणि डब्याचं झाकण उगाचच दोनदा घट्ट केलं.

साहेब म्हणजे तिचा धाकटा भाऊ. नोकरीत साहेब तो पुष्कळ पुढे झाला. घरात मात्र हे नाव त्याला रांगता रांगताच चिकटलं होतं, कारण हातभर लांब पडलेला चेंडूसुद्धा तो स्वतः जाऊन घ्यायचा नाही, बोट दाखवून रडायचा. "आमच्याकडे साहेब जन्माला आलाय," असं बाबा तेव्हा दुकानात येईल त्याला कौतुकानं सांगायचे. आता दूरच्या शहरात एक मोठं कार्यालय त्याच्या हाताखाली होतं. माणसांकडून काम करून घेणं हेच आपलं काम, असं तो अभिमानानं सांगे. आणि का सांगू नये? घेतही असेल बिचारा.

बाबांनी आयुष्यभर चष्म्याचं दुकान चालवलं. समोरच्याला नीट दिसत नाही, हे त्या माणसाच्याही आधी त्यांना कळायचं. मग त्यांनाच अर्धांगाचा झटका आला. देवाची दया अशी, की उजवा हात निम्माअर्धा परत आला, जीभ परत आली आणि जिभेच्या पाठोपाठ तोंडाळपणाही परत आला. गिळणं तेवढं मागे राहिलं. पाणी, चहा, सार, काहीही पातळ द्यायचं म्हटलं की त्यात एक पांढरी पावडर घालून ते खळीसारखं दाट करावं लागे. बाबांना त्याचा मनस्वी तिटकारा. "मला भिंतीला चिकटवायचा विचार आहे का तुमचा?" असं ते पेला बघितला की विचारायचे.

हे सगळं दिवसा मावशी बघायच्या. मावशी म्हणजे आजारी माणसांची सेवा करणाऱ्या बाई. हाडापेराने दणकट, बोलायला फटकळ, हाताला मऊ. पण त्यांची मुलगी बाळंत झाली होती आणि त्या चार दिवस तिकडे गेल्या होत्या. ताईला रजा मिळेना. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापड बेतायचं आणि कापायचं टेबल तिच्या ताब्यात होतं, आणि नेमकी त्याच आठवड्यात एका मोठ्या कामाची कापणी होती. म्हणून तिनं साहेबाला बोलावलं. आला. तेवढं श्रेय त्याला द्यायला हवं.

"हे बघ," ताईनं पुन्हा सुरुवात केली, "घशात दोन वाटा असतात. त्यातली एक..."

"ताई! मला शरीरशास्त्र शिकवू नकोस गं. माझ्या हाताखाली एवढी माणसं आहेत, मी कुणाला कारणं सांगत बसतो का? काय करायचं, केव्हा करायचं. विषय संपला. बाकी माझ्यावर सोड."

"अरे, पण तुला कळलं नाही तर..."

"नाही कळलं तर फोन करीन की."

"काय कळलं नाही, हे तुला कळायला तरी पाहिजे ना!"

यावर तो हसला. ताईची फिरकी घ्यायची त्याची जुनी खोड होती. "तू मास्तरीण व्हायला पाहिजे होतीस," म्हणाला.

मग ताईनं नुसती कृती सांगितली. बाबांना खुर्चीत ताठ बसवायचं. हनुवटी खाली, छातीकडे. लहान चमचा. एक घोट उतरल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही. खाल्ल्यावर लगेच आडवं करायचं नाही. पातळ काही द्यायचं नाही, दाटच द्यायचं.

"राहील ध्यानात?"

"ताठ, हनुवटी, लहान चमचा, दाट. राहील. ताई, बस!"

ती निघाली. बाहेरच्या खोलीत बाबा खुर्चीत बसून खिडकीतून रस्ता बघत होते. "हा मला आज मारतोय बघ," ते मजेत म्हणाले. ताई म्हणाली, "काहीतरीच काय बोलता, बाबा!" आणि चपला घातल्या.

कारखान्यात त्या दिवशी शाळेच्या वाद्यपथकाच्या कोटांचं मखमली कापड अंथरायचं होतं. लांबलचक टेबलावर थरावर थर. अंथरणाऱ्या दोघी बायका नव्या होत्या. ताईनं त्यांचे हात धरून मखमलीवरून फिरवले, एकदा इकडून, एकदा तिकडून. "बघा, इकडून मऊ लागते, तिकडून खरखरीत. ही तिची लव. एक थर जरी उलटा पडला, तरी कोट शिवल्यावर एक बाही काळपट दिसेल आणि एक उजळ. मग आपण सगळ्या शिव्या खाऊ."

"ताई, आम्ही नुसत्या अंथरतो हो," एकीनं कुरकुर केली. "तुम्ही तर आख्खी कथाच लावलीत."

"ऐकून ठेव. दुपारी मी जागेवर नसेन आणि कापडाचा दुसरा गठ्ठा उघडशील, तेव्हा उपयोगी पडेल."

जेवणाच्या सुट्टीत तिनं घरी फोन लावला. यंत्रांची घरघर मागे होतीच.

"एकदम मजेत!" साहेबाचा आवाज आनंदानं फुलला होता. "बाबा हसले माहितीये? कितीतरी दिवसांनी पोटभर खाल्लंय, असं म्हणाले."

"दाटच दिलंस ना सगळं?"

"दाटच दिलं. तू सांगितलंस तसंच. चमचा लहान, हनुवटी खाली. कर आता तू तुझं काम."

ताईला बरं वाटलं. माणसाला बरं वाटायला किती थोडं पुरतं बघा. आपण उगाच चिडलो त्याच्यावर, असंही तिच्या मनात आलं, आणि संध्याकाळी येताना तिनं त्याच्या आवडीची द्राक्षं घेतली.

घरी आली, हात धुवायला मोरीपाशी गेली, आणि तिथे तिला तो दिसला. आइस्क्रीमचा रिकामा डबा. लहानसहान नव्हे, घरातल्या सगळ्यांना पुरून उरावा असा. आत लहान चमचा, धुऊन ठेवलेला.

"हे कुणी खाल्लं?"

"बाबांनी!" साहेब उठून आला. चेहऱ्यावर असं समाधान, की जणू सगळं कार्य एकट्यानं पार पाडलं. "थोडं मी खाल्लं, खोटं कशाला बोलू? पण बरंचसं बाबांनीच. ते गिळगिळीत पाणी बघितलं की तोंड फिरवत होते. म्हटलं, दाटच द्यायचंय ना? मग खाली जाऊन हे आणलं. चमचा उभा राहतो यात, एवढं दाट!"

ताईच्या हातातली द्राक्षांची पिशवी ओट्यावर पडली.

"आणि तोंडात गेल्यावर? तोंडात गेल्यावर त्याचं काय होतं?"

साहेबानं रिकामा डबा उचलून आत बघितलं.

"पाणी होतं, पाणी! गळ्यापाशी पोचेस्तोवर नुसतं दुधाचं पाणी!"

"पण ते एकदाही खोकले नाहीत, ताई. मी बघत होतो. शपथ."

"खोकले असते तर बरं होतं!" ताई ओरडली आणि बाहेर धावली. बाबांच्या खुर्चीपुढे गुडघे टेकून बसली. "बाबा, माझ्याशी बोला बघू. काय खाल्लंत आज?"

"मेजवानी," बाबा म्हणाले. पण आवाज कसा आला, म्हणाल? विहिरीच्या तळातून यावा तसा, गुळगुळ करत.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबांना हुडहुडी भरली. अंग तव्यासारखं तापलं, श्वास जिना चढल्यासारखा लागला. रुग्णवाहिका आली, दवाखाना आला, नाकाशी प्राणवायूची नळी आली. डॉक्टरांनी छातीचं चित्र उजेडावर धरलं. उजव्या फुफ्फुसाच्या तळाशी पांढरा ढग उतरला होता.

"खाणं श्वासनलिकेत गेलंय," डॉक्टर म्हणाले. थकलेला माणूस होता, पण शब्द जपून वापरत होता. "घरी काळजी घेणाऱ्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं का?"

हे विचारताना त्यांनी बघितलं ताईकडे. आणि साहेबानं, ज्या भावाला तिनं कडेवर घेऊन शाळेत पोचवलं त्या साहेबानं, पटकन तोंड उघडलं.

"मला आइस्क्रीमचं कुणी सांगितलं नव्हतं, डॉक्टर. दाट द्या म्हणाले, मी दाट दिलं. जे सांगितलं ते सगळं केलं."

ताईला वाटलं, आत्ताच्या आत्ता या भिंतीवर डोकं आपटावं. स्वतःचं नव्हे, याचं. पण पडद्याच्या पलीकडे बाबा एकेक श्वास ओढून घेत होते, आणि त्या आवाजापुढे दुसरा कुठलाही आवाज काढायची तिची छाती झाली नाही. ती बाकावर जाऊन बसली. ओठ हलत होते. प्रार्थना करत होती. पण मधेमधे त्या प्रार्थनेत भावाचा असा काही उद्धार होत होता, की देवालाही कानांवर हात ठेवावे लागले असते.

देव पावला. बाबांचा ताप हळूहळू उतरला, श्वास जागेवर आला, नाकाची नळी निघाली. आणि माणूस वाचतोय असं दिसायला लागलं, तसा ताईनं इतके दिवस दाबून धरलेला राग वर यायला लागला. त्याला निमित्तही साहेबानंच पुरवलं.

दवाखान्याच्या लांब बोळात, पाण्याच्या यंत्रापाशी, तो फोन पुढे करून तिला दाखवायला लागला. "ही बघ जागा. वृद्धांसाठीच आहे. स्वच्छ, हवेशीर. मी बोललोय त्यांच्याशी. सगळं तेच बघतात. खाणं, औषधं, अंघोळ. आपल्याला काही म्हणजे काही बघावं लागत नाही. तूही दमलीस. एकदा सोपवलं की सुटलो."

"सोपव," ताई म्हणाली.

तो चकित झाला. भांडण होणार म्हणून बाह्या सरसावून आला होता.

"सोपव की! मी नको कुठे म्हणते? मी दमलेय, खरं आहे. मला काय बाबांना उराशी बांधून मिरवायची हौस आहे? पण सोपवताना त्यांना सांगणार काय तू? काय सांगणार? 'दाट द्या' म्हणून?"

"त्यांना माहीत असतं सगळं. ते त्यांचं काम आहे."

"कुणाला माहीत असतं? चमचा ज्याच्या हातात असेल त्याला असतं का? विचारलंस? आणि विचारून जे उत्तर येईल, ते बरोबर की चूक हे तुला कसं कळणार रे, शहाण्या?"

"ताई, माणूस एवढ्या सगळ्या गोष्टी समजून घ्यायला लागला तर कुणाला कधी काही सोपवताच येणार नाही. मला माझ्या कार्यालयातलं हिशेबाचं यंत्र कसं चालतं ते कळत नाही, म्हणून काय..."

"यंत्राला न्यूमोनिया होतो का?"

बोळातून जाणारी एक परिचारिका थबकली, तिनं दोघांकडे पाहिलं आणि पुढे गेली. ताईनं आवाज खाली आणला, पण धार कमी केली नाही.

"तू म्हणालास, मला आइस्क्रीमचं सांगितलं नव्हतं. डॉक्टरांसमोर म्हणालास! मी कशाकशाचं सांगू? आइस्क्रीम नको म्हटलं असतं, तर तू बर्फाचा गोळा दिला असतास. तो नको म्हटला असता, तर रसाळ फळ दिलं असतंस. जगात तोंडात जाऊन पाणी होणाऱ्या वस्तू काय कमी आहेत? त्या सगळ्यांची नावं घेत बसले असते, तर माझी बस काय, माझं आयुष्य चुकलं असतं. एकच गोष्ट सांगायची होती रे मला. एकच. ती तू मला सांगू दिली नाहीस."

"मग आता सांग."

हे तो खालच्या आवाजात म्हणाला. ताईला अजून बरंच बोलायचं होतं, चांगलं तोंडपाठ करून ठेवलेलं होतं. पण मागितल्यावर न देणारी ती नव्हती.

"देवानं माणसाच्या गळ्यात दोन वाटा अगदी शेजारी शेजारी ठेवल्या," ती सांगायला लागली. "एक श्वासाची, एक अन्नाची. का ठेवल्या एवढ्या जवळ, ते त्याचं त्याला ठाऊक. पण त्यानं तिथे एक राखणदार बसवला. घास आला रे आला, की राखणदार झेप घेऊन श्वासाचं दार लावतो, घास जाऊ देतो आणि पुन्हा दार उघडतो. दिवसभर, जेवताना, बोलताना, झोपेत थुंकी गिळतानासुद्धा. आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. बाबांचा राखणदार त्या झटक्यात लुळा पडला. मेला नाही, पण उठायला वेळ लागतो त्याला. दाट पाणी कसं, म्हाताऱ्या माणसासारखं सावकाश येतं. तोवर तो कसाबसा उठतो, दार लावतो. पातळ पाणी येतं पळत. तो उठेपर्यंत ते आत, फुफ्फुसात. आणि खोकला? खोकला म्हणजे त्या राखणदाराची आरोळी. चोर शिरला, चोर शिरला! बाबांची तर आरोळीच बसलीय. म्हणून तुला वाटलं, सगळं आलबेल आहे."

साहेब पाण्याच्या यंत्राला टेकून उभा होता. मग म्हणाला, "एवढंच होतं?"

"एवढंच होतं."

"हे तुला कुणी सांगितलं?"

"सुखासुखी कुणी नाही. पहिल्यांदा घरी सोडलं तेव्हा माझ्या हातात पावडरचा डबा ठेवला आणि म्हणाले, एवढं घालत जा. मलाही कारण नाहीच सांगितलं. गिळायला शिकवणाऱ्या बाई इथे येतात, त्यांची बाही धरून ठेवली मी जिन्यात. म्हटलं, का ते सांगितल्याशिवाय सोडत नाही. तुझ्यासारखी साहेब माणसं इथेही काही कमी नाहीत!"

त्याच दुपारी त्या बाई आल्या. बारीक चणीच्या, केसांचा घट्ट अंबाडा, गळ्यात शिट्टी नसलेल्या कवायतीच्या शिक्षिका वाटाव्यात अशा. ताईनं साहेबाला त्यांच्यापुढे उभं केलं. "यांना शिकवा," म्हणाली. "माझ्याकडून यांना शिकवणं होत नाही, मी मधेच मारीन."

बाईंनी साहेबाची दोन बोटं त्याच्याच गळ्यावर ठेवली आणि गिळायला सांगितलं. गळ्यातली घाटी टुणकन वर गेली आणि खाली आली. "हे झालं दार लागणं," बाई म्हणाल्या. "आता इथे ठेवा." त्यांनी त्याचा हात बाबांच्या गळ्यावर नेला आणि बाबांना दाट पाण्याचा अर्धा चमचा दिला.

साहेबाची बोटं त्या सैल, सुरकुतलेल्या कातडीवर थांबली. काहीच हललं नाही. त्यानं घाबरून ताईकडे पाहिलं. बाई शांत होत्या. बाबांनी डोळे मिटले, कपाळाला आठ्या घातल्या, सगळा जीव गळ्यात गोळा केला, आणि तेव्हा कुठे बोटांखाली काहीतरी जड दार सरकावं तसं सरकलं, वर चढलं, खाली बसलं.

"प्रत्येक घोटाला असं?" साहेबानं विचारलं.

"प्रत्येक घोटाला," बाई म्हणाल्या.

साहेबाचे डोळे भरून आले. बाबांनी डोळा किलकिला करून ते पाहिलं. "रडतोस काय?" म्हणाले. "दोन बोटं काढ आधी. गुदगुल्या होतात."

इथे गोष्ट संपायला हवी होती. उमगलं, डोळे पाणावले, सगळे सुखानं घरी आले. पण माणसाचं मन असं सरळ कुठे चालतं? एका काठावरून ढकललं की थेट दुसऱ्या काठावर जाऊन आदळतं.

बाबा घरी आले, मावशी नातवंडाचं तोंड बघून परतल्या, आणि साहेबानं रजा वाढवून घेतली. आता त्याला सगळं कळत होतं ना! तो बाबांच्या खुर्चीशी असा बसे, की मावशींना चमचा धरायला जागा उरत नसे. "मावशी, चमचा जास्त भरलाय. मावशी, हनुवटी बघा. मावशी, थांबा, थांबा, घाटी वर गेली नाही अजून." खुर्चीच्या पाठीचा कोन त्यानं मोजला. गिळायला शिकवणाऱ्या बाईंना इतके फोन केले, की शेवटी त्यांनी उचलणं बंद केलं. बाबांच्या खोलीत कॅमेरा लावायचं त्याच्या मनात होतं. म्हणजे म्हणे तो आपल्या शहरातून प्रत्येक घोट बघू शकेल.

एका संध्याकाळी ताई कामावरून आली, तर घरात शुकशुकाट. मावशी गॅलरीत पाठ करून उभ्या. वाटी टेबलावर, तशीच भरलेली. बाबा ओठ घट्ट मिटून बसलेले, आणि साहेब त्यांच्यापुढे उकिडवा, गळ्याशी बोटं नेऊन.

"बाबा सकाळपासून खात नाहीयेत," तो कासावीस होऊन म्हणाला. "घाटीच वर जात नाही."

"कशी जाईल?" मावशी गॅलरीतून गरजल्या. "गळ्यावर पहारा बसल्यावर कुणाचा घास उतरतो? ताई, मी आज सांगते. यांना घरी ठेवा नाहीतर तिकडे त्या हवेशीर जागेत ठेवा, तुमचा प्रश्न. पण हात माझा असला तर चमचाही माझा. नाहीतर मी चालले."

ताईनं पिशवी खाली ठेवली. तिला आठवेना, एवढा राग आपल्याला याआधी कधी आला होता. त्या डब्याच्या दिवशीसुद्धा इतका नसेल. त्या दिवशी त्याला कळत नव्हतं. आज कळून बाबा उपाशी होते!

"ऊठ," ती म्हणाली.

"अगं, पण तूच म्हणालीस, समजून घे..."

"समजून घे म्हणाले. मानगुटीवर बस नाही म्हणाले! तेव्हा तुला काहीच जाणून घ्यायचं नव्हतं, आता दुसऱ्या कुणाला काही जाणू द्यायचं नाही. दोन्ही वेळा कारभार तुझाच. बाबा कुठे आहेत यात? मावशी कुठे आहेत?"

"मग मला कळणार कसं, की यांना जमतंय? मी परवा जाणार. डोळे मिटून जाऊ का? मागच्या वेळी डोळे मिटले तेव्हा..."

ही भीती खरी होती. ताईचा राग ओसरला नाही, पण तिला ती दिसली. ती खुर्ची ओढून बसली.

"मी कारखान्यात नव्या बाईला काम देते ना," ती म्हणाली, "तेव्हा तिला मी सांगितलेलंच परत विचारत नाही. पोपटही सांगेल ते. मी न सांगितलेलं विचारते. मखमल सांगितली असेल तर रेघांचं कापड पुढे टाकते, आणि बघते काय करते ते. बरोबर केलं, की मी माझ्या टेबलाकडे जाते. विचार मावशींना काहीतरी. आपण कधीच न बोललेलं."

हे साहेबाला सोपं नव्हतं. एवढी वर्षं त्यानं फक्त झालं का, कधी होणार, एवढंच विचारलं होतं. शेवटी गॅलरीच्या दाराशी जाऊन तो म्हणाला, "मावशी, समजा बाबांनी बिस्कीट मागितलं. चहात बुडवून. चहा दाट केलेला नाही, पण बिस्कीट भिजून मऊ झालंय. द्याल?"

"परीक्षा घेताय होय माझी?" मावशींनी मान वळवली. पण प्रश्न त्यांना आवडला असावा, कारण त्या आत आल्या. "मुळीच नाही देणार. भिजलेल्या बिस्किटाला दाबलं की चहा सुटतो. तो पुढे पळणार, आणि चुरा मागे रेंगाळणार. एका तोंडात दोन चालींचं खाणं. निरोगी माणसाला ठसका लागतो त्यानं. मागितलंच बाबांनी, तर चहा आधी दाट करीन, त्यात बिस्कीट कुस्करून एकजीव लगदा करीन. आणि गालात काही उरलंय का ते बोटानं बघीन. उजव्या गालात. तिकडे काही राहिलं तरी त्यांना जाणवत नाही, म्हणून घास मी डावीकडूनच देते, तरी चुकार कण सरकतोच."

"उजवा गाल?" साहेब म्हणाला. "हे मला ठाऊक नव्हतं."

"तुम्ही तर गळ्यापाशीच मुक्काम ठोकलेला. गालाकडे कधी बघणार?"

साहेब हसला नाही. मग ताईकडे वळून म्हणाला, "त्या जागेवाल्यांनाही हेच विचारतो. बिस्किटाचं. आणि जे भरवणार त्यांनाच विचारतो, कचेरीतल्या माणसाला नाही."

"विचार."

"आणि उत्तर आलं नाही, तर तो विषय बंद. मग मावशींना जास्त तासांसाठी विचारू, आणि मी अधूनमधून येऊन राहीन. तू तेव्हा झोपा काढ."

"आधी विचार तर. बोलणं सोपं असतं." ताईचा आवाज अजून खरखरीतच होता. एवढ्यात मऊ व्हायचा तिचा विचार नव्हता.

मावशींनी वाटी उचलली, थंड झालेलं अन्न बघून नाक मुरडलं आणि ती गरम करायला आत गेल्या. येताना वाटेतली साहेबाची खुर्ची त्यांनी पायानंच बाजूला सारली. साहेब क्षणभर घुटमळला. बाबांच्या गळ्याकडे त्याची नजर गेली, हात थोडा पुढे झाला. मग तो हात त्यानं खिशात घातला, खुंटीवरचा टॉवेल घेतला आणि अंघोळीला निघून गेला. दार लागलं. आत नळ सुरू झाला.

बाबांनी एक डोळा उघडला.

"गेला का तो?"

"गेला, बाबा," मावशी म्हणाल्या.

"बरं झालं," बाबा म्हणाले आणि तोंड उघडलं.